एल्रॉयच्या शर्टाची शेपटी

माझा मेहुणा एल्रॉय राड्के कात्री घेऊन उठला, की कॅम्पवरचे बापये घाईघाईनं आपापले शर्ट पँटीत खोचायला लागायचे. उपयोग काही नसायचा. हरणावर गोळी झाडली आणि हरीण पांढरी शेपटी उंच करून ठणठणीत निघून गेलं, तर संध्याकाळी जेवणाआधी शेगडीशी पाठ करून उभं राहायचं, शर्ट बाहेर ओढायचा आणि एल्रॉयनं त्याचं मागचं टोक कापायचं. मग त्या शेपटीवर नाव आणि साल लिहून ती तुळईला ठोकायची. आमच्या उत्तर विस्कॉन्सिनमध्ये हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. चिडायचं नाही, कारणं सांगायची नाहीत. कारणं सांगणाऱ्याची शेपटी जरा जास्तच वरून कापली जाते.

कॅम्प म्हणजे जंगलातली एक लाकडी खोपी. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम लागला की सहा-सात जण तिथं जाऊन राहतात. बायकांना बंदी नाही, पण शेगडीवर वाळणाऱ्या त्या मोज्यांचा वास एकदा घेतलेली बाई पुन्हा तिकडं फिरकत नाही. मी एकदा गेले होते. लाइल कुबियाकच्या शेपट्यांनी एक अख्खी तुळई भरलेली पाहिली. लाइल हा एल्रॉयचा लहानपणापासूनचा दोस्त, मनानं सोनं आणि नेमानं माती. आमच्या चर्चच्या फादरांचीही एक निळ्या चौकड्यांची शेपटी तिथं आहे. ती कापताना फादर म्हणाले होते, "एल्रॉय, मी देवाचा माणूस आहे रे." एल्रॉय म्हणाला, "म्हणून तर सरळ कापतोय, फादर."

एल्रॉयची स्वतःची शेपटी एकच होती, लग्न ठरलं त्या वर्षाची. "त्या दिवशी आर्डिसच्या विचारात होतो," असं तो सांगायचा. आर्डिस माझी थोरली बहीण. सत्तरी गाठली तरी हे ऐकलं की तिचे कान लाल होतात.

हिवाळाभर एल्रॉय जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा आणि मी शाळेची बस. माझा नवरा ड्वेन बोलिंगच्या क्लबातल्या एका बाईबरोबर फ्लोरिडाला निघून गेला तेव्हा माझी दोन्ही पोरं लहान होती. नातेवाइकांनी पोटभर सल्ले दिले. एल्रॉयनं एक शब्द काढला नाही. फक्त त्या हिवाळ्यापासून माझ्या बसचा रस्ता सगळ्यात आधी साफ व्हायला लागला, आणि नोव्हेंबरात एका सकाळी माझ्या शेडमधल्या आकड्याला हरणाची अख्खी मागची तंगडी टांगलेली दिसली. साफ केलेली, धुतलेली, कापडात गुंडाळलेली. आमच्याकडे फाटकाला कुलूप नसतं, पण दुसऱ्याच्या शेडमध्ये उगाच कुणी जात नाही. मी तडक एल्रॉयकडे गेले.

"त्या तंगडीबद्दल..." मी सुरुवात केली.

"कुठली तंगडी?" तो म्हणाला, आणि गाडीखाली शिरला.

दर नोव्हेंबरात तंगडी येत राहिली आणि दरवर्षी मी आभार मानायला गेले की "कुठली तंगडी?" पोरं त्याच मांसावर वाढली. पोरं मोठी होऊन शहरात गेली तरी ती यायची थांबली नाही. एकट्या बाईला एवढं मांस काय करायचंय? मी त्याचे सॉसेज करून अर्धे आर्डिसलाच नेऊन द्यायचे. एल्रॉय ते खाऊन म्हणायचा, "छान झालेत. मांस कुठून आणलंस?" असा तो डांबिस.

मग त्याचे डोळे गेले. पार नाही, पण नजरेच्या मधोमध डाग पडला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. बर्फाच्या गाडीची किल्ली त्यानं कुणी सांगायच्या आत नेऊन दिली. त्याच नोव्हेंबरात कॅम्पवर मात्र गेला, लाइलच्या भरवशावर, आणि त्याच्या वाट्याची तंगडी माझ्याकडे आलीच. आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या शेडमधला आकडा रिकामा राहिला.

मला मांसाची गरज नव्हती. तरी तो रिकामा आकडा बघून मी शेडच्या दारात उभी राहून रडले. मग तोंड धुऊन आर्डिसकडे गेले. एल्रॉय आतल्या खोलीत रेडिओ लावून बसला होता.

"कॅम्पवर गेला नाही तो?"

"पायाला गार लागतं म्हणतो," आर्डिस म्हणाली.

"एल्रॉयला? जो उणे तापमानात बनियनवर लाकडं फोडतो, त्याला?"

तेव्हा तिनं दार लोटलं आणि सांगितलं. आदल्या वर्षी लाइल त्याच्या शेजारी बसला होता. समोर हरीण आहे, मागं कुणी नाही, याची खात्री करून लाइलनं "मार" म्हटलं. एल्रॉयनं गोळी झाडली आणि ती भलतीकडेच गेली. संध्याकाळी खोपीत एल्रॉयनं खिळ्यावरची कात्री काढून लाइलच्या हातात दिली, शेगडीशी पाठ करून उभा राहिला, शर्ट बाहेर ओढला. आणि कुणीच जागचं हललं नाही. शेवटी लाइल म्हणाला, "जाऊ दे रे एल्रॉय, बस. कॉफी घे."

"घरी आला तो सरळ माझ्यापुढं पाठ करून उभा राहिला," आर्डिस म्हणाली. "'बघ,' म्हणाला, 'अख्खा आहे.' मला आधी कळेचना काय अख्खं आहे ते. मग म्हणाला, 'मला पाहुणा केला गं त्यांनी.' आणि तो रडला, मर्ना. स्वतःची आई गेली तेव्हासुद्धा रडला नव्हता."

मला लाइल पेट्रोल पंपावर सापडला. गाडीत पेट्रोल भरत होता, त्यामुळे पळता येईना.

"काय रे शहाण्या, फादरची शेपटी कापलीत. कुणाच्या तरी लग्नाला म्हणून आलेल्या मिलवॉकीच्या वकिलाची कापलीत. एल्रॉयचीच बरी हातून सुटली?"

"अगं, आंधळ्या माणसाची शेपटी कशी कापायची?"

"डोळस माणसाची कापतात तशीच!"

"आम्हाला वाटलं, त्याला वाईट वाटेल," तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, "कमाल आहे तुमची. अख्खं आयुष्य एकमेकांना लागेल असं बोललात, आणि नेमकं त्या दिवशी तुम्हाला जीभ चावावीशी वाटली!" लाइलला जाऊन माफी मागावीशी वाटत होती, पण माफी मागणं म्हणजे पुन्हा कीवच. आमच्याकडच्या पुरुषांचं हे असं आहे. हरणाच्या मागावर मैलोन् मैल जातील, पण मित्राच्या दारापर्यंत जाताना पाय मोडतात.

मार्च सरताना आमच्या जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर हरणांच्या शिकारीचा मोठा मेळा भरतो. त्यात यंदा डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी नेमबाजीचं प्रात्यक्षिक आहे, असं रेडिओवर सांगितलं. छऱ्याची बंदूक लाकडी घोडीवर टेकवून ठेवायची, तिच्या दुर्बिणीला छोटा पडदा जोडलेला. सोबत्यानं पडद्यात बघून डावं-उजवं सांगायचं, मारणाऱ्यानं बंदूक तशी सरकवून चाप ओढायचा. मी मनात ठरवूनच टाकलं. एल्रॉयचा एक नेम लागला, की त्याला वाटेल आपण अजून गड्यांतले आहोत, आणि नोव्हेंबरात तो आपण होऊन कॅम्पवर जाईल. तंगड्या खाल्लेल्या जिवाला एवढं तरी करता यायला हवं होतं.

त्याला मी नेमबाजीचं सांगितलंच नाही. "तळलेलं चीज खायला जाऊ," म्हटलं. चीजसाठी एल्रॉय नरकातही येईल. आर्डिसनं त्याला ख्रिसमसला घेतलेला नवाकोरा लाल फ्लॅनेलचा शर्ट घातला आणि तीही आमच्याबरोबर निघाली.

मैदानात बर्फ वितळून नुसता रबडा झाला होता. मेळ्याच्या मोठ्या शेडमध्ये ही गर्दी. शिरल्या शिरल्या शिंगांची भिंत. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या मोठ्या नरांची शिंगं टांगलेली आणि पुढं माना वर करून उभे असलेले लोक. शिंगं मोजून देणाऱ्या टेबलापाशी एल्रॉय रमला. हातानं एकेक टोक चाचपून म्हणाला, "हे मक्याच्या शेताकडचं असणार, काय जाड झालंय." टेबलावरचा माणूस हसून म्हणाला, "शेताकडचंच." पलीकडे माजावरच्या हरिणीचं मूत बाटलीत भरून विकणारा एक जण होता. "ताई, वास तरी घेऊन बघा," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या घरी एक नवरा होता, पुरे झालं." एका हौदात कुत्री लांब उड्या मारत होती आणि पहिल्या रांगेतले लोक आनंदानं भिजत होते. मंचावर हरणाचा आवाज काढायची स्पर्धा चालू होती. घरी बायकोनं चार हाका मारल्या तरी 'ओ' न देणारे दांडगे गडी नळकांड्यात तोंड घालून माजलेल्या नरासारखे डुरकत होते. लाइल दरवर्षीप्रमाणे तिथं परीक्षक होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि मान खाली घालून कागदात बघायला लागला.

"लाइल आहे का तिकडं?" एल्रॉयनं विचारलं. कडेचं त्याला दिसतं, हे मी विसरलेच होते.

"असेल," मी म्हटलं. "चल, इकडं."

नेमबाजीच्या जागी आलो तेव्हा तो थबकला. "इथं चीजचा वास येत नाही."

"नंतर येईल. बस त्या स्टुलावर."

"मर्ना, मला फसवलंस?"

"हो. बस."

तिथली ब्रिएल नावाची मुलगी गोड होती, बोलायलाही आणि वागायलाही. तिनं बंदूक दाखवली, पडद्यापाशी मला उभं केलं. दुसऱ्या टोकाला फोमचं हरीण, मागं गवताच्या पेंढ्या. माणसं जमायला लागली. एल्रॉयनं बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवला आणि मला वाटलं, जमलं. त्याचे खांदे पूर्वीसारखे झाले होते.

"डावीकडे," मी पडद्यात बघून म्हटलं. "अजून जरासं. बास. खाली घे. इतकं नाही रे! हां. आता ओढ."

"नेम खांद्यामागं आहे ना?"

"तिथंच आहे. ओढ."

"ओढतो. बोट माझं आहे."

पण चाप ओढण्याआधी तो सबंध श्वास सोडतो, आणि श्वास सोडताना गाल दस्त्याला टेकवतो. जन्माची सवय. पडद्यातलं हरीण सरकलं आणि गवत दिसायला लागलं.

"हललास! एल्रॉय, थांब, तू—"

"गप गं."

ठप्प. एका पेंढीतून धूळ उडाली. हरीण जिथल्या तिथं.

आणि मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शाळेच्या नाटकात वाक्य विसरलेल्या पोराला वाजवतात तशा. इतरही वाजवायला लागले. ब्रिएल पुढं आली. "वा, सर! अगदी थोडक्यात हुकलं! पहिल्याच वेळेला इतकं छान कुणी मारलं नव्हतं. ही टोपी आमच्याकडून भेट."

"किती थोडक्यात?" एल्रॉयनं विचारलं.

"अगदी एवढंसंच!"

त्यानं टोपी घेतली, थँक यू म्हणाला आणि उठला. मी त्याचा चेहरा पाहिला. आर्डिसनं सांगितलेला तो खोपीतला दिवस मी आता डोळ्यांनी बघत होते, आणि त्याला तिथवर हाताला धरून मीच आणलं होतं. आर्डिसनं कोट पुढं केला. "चल, घरी जाऊ," ती म्हणाली.

तेवढ्यात गर्दीत मला लाइल दिसला. स्पर्धा सोडून आला होता, नळकांडं अजून गळ्यातच. मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या नजरेत काय होतं ते त्यालाच विचारा. त्यानं एकदा एल्रॉयकडे बघितलं, एकदा त्या पेंढीकडे.

"हातभर!" लाइल गरजला. "थोडक्यात कसलं? हातभर लांब गेली! रंगवलेलं, ठोकलेलं, जागचं न हलणारं हरीण, आणि एल्रॉय राड्केला तेसुद्धा लागेना!"

ब्रिएल पांढरी पडली. "सर, प्लीज, असं नका ना..."

"कात्री!" लाइल ओरडला. "अरे, कुणाकडे कात्री आहे?"

मग पूर्ण शेडमध्ये हसू फुटलं, खरं हसू. "कात्री! कात्री!" माणसं ओरडायला लागली. सॉसेजवाल्या बाईनं दोरा कापायची कात्री डोक्यावरून पुढं धाडली. हरणांची मुंडकी भरून देणाऱ्यानं आपली आणली. मासे पकडायचे गळ बांधणाऱ्यानं नखाएवढी इवलीशी पाठवली, तिच्यावर वेगळं हसणं झालं. ब्रिएल बिचारी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बाळ, तू शहरातली ना? थांब, बघ."

एल्रॉय आमच्याकडे पाठ करून उभा होता. हललाच नाही. लाइल त्याच्या मागं कात्री घेऊन आला आणि त्याचाही पाय अडला. मला वाटलं, आता हा पुन्हा कॉफी घे म्हणतोय की काय.

मग एल्रॉयनं हातातली ती फुकटची टोपी स्टुलावर ठेवली. कोट आर्डिसकडे परत दिला. दोन्ही हात मागं नेऊन शर्ट पँटीतून बाहेर ओढला आणि पाय फाकवून घट्ट उभा राहिला.

"अरे, नवा आहे तो!" आर्डिस ओरडली. "ख्रिसमसचा आहे!"

"आर्डिस, मधे पडू नकोस," एल्रॉय म्हणाला. "लाइल, सरळ काप. तुझ्या सगळ्या मी सरळ कापल्यात."

"हलू नकोस, नाहीतर पँटही जाईल."

लाइलचे डोळे वाहत होते, त्यामुळे शेपटी गेली ती वाकडीतिकडीच, एका बाजूला पार कंबरेपर्यंत. त्यानं ती उंच धरून सगळ्यांना दाखवली. तेव्हा जो गलका झाला, तो शिंगांच्या भिंतीपुढंही झाला नव्हता. एल्रॉय वळला, हात पुढं केला आणि बोटांनी ती कड चाचपली.

"हे काय कापलंस? उंदरानं कुरतडल्यासारखं."

"मला कुणी शिकवलं? कात्री जन्मभर तूच धरलीस."

"मग ही ठोकायला नोव्हेंबरात मलाच यायला हवं."

"यायलाच हवं."

"मला दिसत नाही. खिळा तू धरायचास, हातोडा मी मारणार."

लाइलनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "धरीन," तो म्हणाला.

मला इतकं हसू आलं की बसायला स्टूल शोधावं लागलं. मी त्याचा नेम लागावा म्हणून आयुष्यात फार थोड्या वेळा केली असेल तशी प्रार्थना केली होती. देवानं ती ऐकली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

मग चीज खाल्लं. लाइलनं पैसे दिले आणि एल्रॉयनं त्याच्या ताटलीतलंही खाल्लं. ओळखीचे, बिनओळखीचे येऊन एल्रॉयची पाठ बघून जात होते आणि तोही विचारलं की वळून दाखवत होता.

घरी येताना गाडी मी चालवत होते. आर्डिस मागं बसून शर्टाला ठिगळ कुठलं लावावं याचा विचार करत होती. एल्रॉय माझ्या शेजारी, ती शेपटी मांडीवर पसरून बसलेला. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग होते. याच रस्त्यावर तो माझ्या बसच्या पुढं पुढं गाडी हाकायचा. मला राहवेना.

"एल्रॉय," मी म्हटलं, "तू तंगड्या पाठवल्यास म्हणून माझी पोरं उभी राहिली. मला एकदा तुझे आभार मानायचेत. ते मानू दे, आणि गाडीखाली शिरू नकोस, कारण गाडी चालू आहे."

मी 'कुठल्या तंगड्या' ऐकायच्या तयारीतच होते. त्यानं बोटांनी शेपटीची वाकडी कड चाचपली.

"आवडायची का गं पोरांना?" त्यानं विचारलं.

"हाडंसुद्धा चोखायची."

"मग बरं झालं," एल्रॉय म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मीही तुझा आभारी आहे, मर्ना."

फाटलेल्या शर्टातून त्याची पाठ उघडी पडली होती. मागून आर्डिस म्हणाली, "गार लागत असेल, कोट घाल." पण त्यानं कोट घरी पोचेपर्यंत घातला नाही.